अर्जाचं तोंड कोणाकडं

"कोण अशिक्षित? पुष्पाबाई, मले पैले हे सांगा, कोण अशिक्षित?"

"भगवंतराव, बसा. ते तसं लिहाच लागते."

"काहून लागते? कोणी सांगतलं?"

"कोणी नाही सांगतलं. पैलेपासून लिहून राह्यलो."

"पैलेपासून म्हंजे? मांगं बिजलीच्या खांबाचा अर्ज देल्ला मी, त्यात बी हेच होतं?"

पुष्पाबाईनं मान हलवली.

"अन् बुढा मेला तवा फौतीचा देल्ला, त्यात?"

"हाव."

"हाव म्हन्ते! सातवी पास माणूस हाय मी, बाई. रोज नागपूरचा पेपर वाचतो, जाहिरातीसगट. अन् तुमी माह्याच सहीच्या वरतं मलेच अंगूठाछाप करून राह्यल्या?"

सौंसरच्या तहसिलीसमोर टिनाचं शेड आहे. त्यात अर्ज लिहिणाऱ्यांचे तीन टेबल. मधल्या टेबलावर पुष्पाबाई सोमकुवर बसते, रोज लोधीखेड्याहून बसनं येते. रामाकोन्याचे भगवंतराव तिच्या समोरच्या बाकड्यावरून अर्धे उठले होते. त्यांचं बोट नव्या लॅपटॉपच्या काचेवर टेकलं होतं आणि बोटाखालचे शब्द निळे होऊन बसले होते: 'यह कि आवेदक ग्राम रामाकोना का निवासी होकर एक गरीब एवं अशिक्षित कृषक है।'

अक्षरं चांगली बोराएवढी. शेडातल्या शेवटच्या बाकड्यावरूनही वाचता यावीत अशी. आणि लोकांनी वाचलीही.

हा लॅपटॉप आल्याला तेव्हा बावीस दिवस झाले होते. बावीस दिवसांत पुष्पाबाईनं जेवढे बोल ऐकले तेवढे ह्या टेबलावरच्या एकोणीस वर्षांत ऐकले नव्हते. पण आजचा बोल वेगळा होता. आजचा खरा होता.

पुष्पाबाईचं काम समजून घ्यायचं तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इकडचा माणूस भांडतो मराठीत, रडतो मराठीत, शेजाऱ्याच्या सात पिढ्या काढतो त्याही मराठीत. पण राज्य हिंदीचं, म्हणून कचेरीचा कागद हिंदी. मधली वाट पुष्पाबाईची. माणूस बोलत राहतो, 'त्यानं माह्या धुऱ्यावरचे दगडं उपटले अन् नांगराचे दोन तास आत घातले', आणि पुष्पाबाईची बोटं त्याच वेळी हिंदी टाइप करत राहतात, 'अनावेदक द्वारा सीमा चिह्न हटाकर'. माणसाचा श्वास संपायच्या आत तिची ओळ संपते. मग सगळा अर्ज ती पुन्हा मराठीत सांगते, आणि माणूस 'हाव, असंच झालं' म्हणाल्याशिवाय सही घेत नाही. वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही, हा तिचा नेम. ह्या नेमावरच तिचा टेबल चालायचा. दूरदूरच्या गावचे लोक तिघांतून तिलाच शोधत यायचे.

हे काम तिनं रघुनाथराव मास्तरांकडे उचललं. त्यांची टाइपिंगची शाळा बसस्टँडच्या मागं होती. पुष्पाबाईचा बाप श्रावण दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात आळे करायचा, त्यानं पोरीला तिथं घातली. 'हातात फावडं दिलं त जलमभर फावडं. काही दुसरं दे तिच्या हातात,' एवढंच तो मास्तरांना बोलला होता. दुसऱ्या बाजूच्या मशीनवर तुळशीराम शिकायचा. तोच तुळशीराम आज तिच्या डाव्या हाताच्या टेबलावर बसतो. दोघांचे मास्तर एक, दोघांचे नमुने एक, फक्त दोघांचं पटत नाही.

टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला. पुष्पाबाईनं टाइपरायटरच्या बोटांचाच हिंदी फॉन्ट घेतला आणि काम पुढं चालू. त्या कॉम्प्युटरात तिनं चारशे बारा नमुने साठवले. फौती, वाटणी, मोजणी, जातीचा दाखला, जन्माची दुरुस्ती, म्हैस वाहून गेल्याची भरपाई. नाव-गाव बदललं की अर्ज तयार.

तो कॉम्प्युटर उन्हाळ्यात मेला. दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला तर आत कापसाचा रुवा गादीसारखा साचलेला. जिनिंगच्या दिवसांत शेडात रुवा उडतो, डब्याचा पंखा तो ओढून घेतो. रुव्यात एक पाल वाळून पापड झालेली. 'बाई, हे मशीन हाय का रजई?' दुरुस्तीवाला म्हणाला. वरून जो येईल तो आपला पेनड्राइव्ह खुपसून जायचा, त्याच्या बिमाऱ्या वेगळ्याच.

तिची पोरगी अश्विनी नागपूरला एका कंपनीत काम करते. तिनं सांगितलं, 'आई, आता तसला डबा नको घेऊ. आमच्याकडं सगळे वेबवरचे लॅपटॉप वापरतात. पंखा नाही, व्हायरसची कटकट नाही, सगळं काम ब्राउझरात. मशीन जळलं तरी कागद नेटवर सलामत.'

'स्वस्तातला असते का?'

'असतो. पण तू दिवसाचे नऊ घंटे बडवशील.'

'मंग चांगलाच घे. चप्पल बी मी सस्ती घेत नाही, रोज पायात असते म्हणून.'

तर अश्विनीनं त्यातला वरच्या दर्जाचा आणला. करड्या धातूचा, पोळपाटाएवढा पातळ, दिवसभर बॅटरी पुरणारा. वरचा पडदा मागं मोडत जायचा, तंबूसारखा उभा राहायचा. पुष्पाबाईनं तो टेबलावर ठेवला तेव्हा तुळशीरामनं चष्मा पुसून पाहिला.

"हे काय वो, आरसा आणला का?"

"काम करायची वस्तू हाय. तुले समजाची नाही."

"यात जुना फॉन्ट चालते का?"

नाही चालत. तेच तर झालं. चारशे बारा नमुने अश्विनीनं जुन्या डिस्कमधून काढून नेटवर चढवले खरे, पण उघडले तर 'आवेदक'च्या जागी व्ही-के-ओ-एस-एन-डी. एकोणीस वर्षांची कमाई इंग्रजी ओकारी होऊन समोर पडली. आणि हिंदी टाइप करायची पद्धतही नवी. डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली तिचा 'क' होता, तो उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली गेला. जुन्या जागी बोट मारलं की अक्षराचा पाय मोडायची खूण उमटायची. पहिली वेलांटी आधी ठोकायची सवय, तर इथं अक्षर आधी आणि वेलांटी मागून. रफार मागून द्यायची सवय, तर इथं 'र' आधी. म्हणजे मशीन शिकल्यापासून बत्तीस वर्षं ज्या घरात वावरली त्या घरात कोणी चूल मोरीत नेऊन ठेवावी आणि मोरी देवळीत, तसं.

सहा मिनिटांचं पान चाळीस मिनिटांवर गेलं.

माणसं उठून जायला लागली. वाईट नव्हती, घाईत होती. चारची बस असते. बाकड्यावरून उठायचं, 'बाई, येतो मी', आणि दोन पावलं टाकून तुळशीरामसमोर बसायचं. शेडाचा एक रिवाज आहे, कागदावर नाही पण दगडावरच्या रेघेसारखा: ज्याच्या समोरचं बाकडं महिनाभर रिकामं, त्यानं टेबल उचलायचा. बाहेर चौघं जागेची वाट पाहून असतात. त्यात तुळशीरामचा साळा पहिला. तो दोनदा येऊन पुष्पाबाईच्या टेबलाची लांबी नव्या भाडेकरूसारखी नजरेनं मोजून गेला.

म्हणजे बाविसाव्या दिवशी तिच्याजवळ आठ दिवस उरले होते.

अश्विनी फोनवर म्हणायची, 'आई, जुना डबा दुरुस्त करून आणू का?' पुष्पाबाई म्हणायची, 'मेलेल्या म्हशीले चारा टाकत नाहीत.' तिनं नव्या पाट्या, म्हणजे बटणांच्या जागा, कोळशानं चुलीमागच्या भिंतीवर काढल्या. भाकरी थापताना पाहायची आणि म्हणायची, उजवं मधलं क, उजवी तर्जनी र. बसमध्ये डब्याच्या झाकणावर बोटं नाचवायची. कंडक्टरनं एकदा विचारलं, "बाई, हाताले कंप सुटला का? डॉक्टरले दाखवा." ती म्हणाली, "तिकीट फाड."

चाळिसाची पंचवीस मिनिटं झाली. पंचवीसच्या खाली काटा उतरेना.

मग अश्विनीनं एक साइट शोधून दिली. जुन्या फॉन्टचा नमुना एका चौकटीत टाकायचा, दुसऱ्या चौकटीतून नवा निघतो. कुठं जोडाक्षर तुटायचं, तेवढं हातानं जोडायचं. पुष्पाबाईला वाटलं, सुटलो बापा. आणि बाविसाव्या दिवशी, मंगळवारी, साडेअकराला भगवंतराव आले.

भगवंतराव म्हणजे तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. सत्तरीचा माणूस, टोपी पांढरी, सही अशी की शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत जाते. एकोणीस वर्षांत आठ अर्ज, सगळे पुष्पाबाईकडूनच. त्यांच्या शेजाऱ्यानं मोजणी मागितली होती, संत्र्याच्या दोन ओळी आपल्याकडं निघतात म्हणून. भगवंतरावांची हरकत त्या दिवशी पाच वाजेच्या आत खिडकीत पडायला पाहिजे होती. नाही तर मोजणी त्यांच्या बोलण्याशिवाय झाली असती.

हा माणूस उठून गेला तर टेबल गेला, हे पुष्पाबाईला कळत होतं. म्हणून तिनं मोजणीच्या हरकतीचा जुना नमुना साइटवरून नवा करून घेतला, नाव-गाव घातलं आणि जरा मिजाशीतच पडदा मागं मोडून त्याचं तोंड भगवंतरावांकडं फिरवलं. अक्षरं मोठी केली.

"पाहा भगवंतराव. आता तुमचा अर्ज तुमच्याच डोळ्यासमोर."

एकोणीस वर्षांत कोण्याच गिऱ्हाइकानं अर्ज तयार होताना पाहिला नव्हता. मॉनिटरचं तोंड नेहमी लिहिणाऱ्याकडं, आणि माणसासमोर त्याची काळी पाठ अन् वायरींचं भेंडोळं. भगवंतरावांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

पुढचं सुरुवातीलाच सांगितलं.

"ते ओळ मास्तरची हाय," पुष्पाबाई म्हणाली. "रघुनाथराव म्हणत, गरीब अन् अशिक्षित लिहिलं की साहेबाचं मन पातळ होते. सगळ्याईच्याच अर्जात असते."

"तुमी त वाचून दाखवता नं? नेम हाय म्हणे तुमचा."

"वाचून दाखवतो."

"हे ओळ दाखवली कधी?"

नव्हती दाखवली. 'तुमचं नाव-गाव लिहिलं' म्हणून ती त्या ओळीवरून पुढं सरकायची. कोणाला फसवायचं नव्हतं. जातं दळताना खुंट्याकडं कोण पाहतं, तसं ते झालं होतं.

"येतो," भगवंतराव म्हणाले, अन् सरळ तुळशीरामसमोर जाऊन बसले.

"या पाटील, या!" तुळशीरामनं बाकडं फडक्यानं झाडलं. "कायले त्या आरशासमोर बसता? आपलं जुनं मशीन, वीस मिनिटात अर्ज हातात."

"त्याचं तोंड फिरव इकडं."

"कोणाचं?"

"टीव्हीचं."

"फिरत नाही पाटील. वायर पुरत नाही."

"मंग मीच फिरतो." आणि भगवंतराव उठले, टेबलाला वळसा घालून तुळशीरामच्या पाठीमागं उभे राहिले. "काढ मोजणीच्या हरकतीचा नमुना."

तुळशीरामनं काढला. भगवंतराव वाकले. तिसरी ओळ तीच, कानामात्रेसकट तीच. मास्तर एक, नमुना एक.

"इथं बी मी अडाणीच!" भगवंतराव कडाडले आणि शेड हसून लोळलं. मग हसणं एकाएकी थांबलं, कारण ज्याला त्याला आपापला अर्ज आठवला. अंगणवाडीची एक बाई कोपऱ्यातून म्हणाली, "काय गा तुळशीरामभाऊ, माह्या बदलीच्या अर्जात बी हेच टाकलं का? मी बी.ए. हाव."

"तुमचा वेगळा असन, मॅडम."

"असन म्हंजे? पाहून सांग!"

तुळशीराम घाम पुसायला लागला. साध्या दिवशी पुष्पाबाईला मोठी मजा वाटली असती. पण ती आपल्या लॅपटॉपवर काही शोधत होती. चारशे बारातला एक कागद, जातीच्या दाखल्याचा. अश्विनी कॉलेजात जायची होती, नवरा प्रवीण दवाखान्यात भरती होता, तेव्हा अर्ज पुष्पाबाईनं स्वतःच्या नावानं केला होता. तो तिनं साइटवरून नवा केला आणि वाचला.

'यह कि आवेदिका एक गरीब एवं अशिक्षित महिला है।'

स्वतःच्या बोटांनी लिहिलेलं होतं. मिनिटाला पंचेचाळीस शब्द, एक चूक नाही. श्रावणच्या पोरीनं. ज्या घरात पोटाला कमी घालून पाटी-पेन्सिल आणली, त्या घरच्या पोरीनं आपलंच नाव लिहून त्यापुढं अशिक्षित लिहिलं आणि खाली सही ठोकली, तीही वळणदार.

तिनं कागद बंद केला. ती रडली वगैरे नाही, तसा स्वभाव नाही तिचा. तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली, अर्धी संपवली आणि आवाज दिला.

"भगवंतराव, इकडं या."

"काय हाय आता?"

"नमुना सोडला मी. कोरं पान घेतलं. पैल्या अक्षरापासून नवीन लिहितो, तुमी सांगान तसं. तोंड तुमच्याकडंच राहीन."

"किती वेळ?"

बाई खोटं बोलली असती तर खपलं असतं. "पुराना अर्ज दोन पानाचा. तुमचं सगळं ऐकून लिहाचं, वाचाचं, चुकाचं, सुधराचं. माह्या आजच्या हातानं तीन घंटे धरा. साडेबारा होऊन राह्यले."

तुळशीराम तेवढ्यात म्हणाला, "पाटील, फक्त ते ओळ उडवतो मी. पंधरा मिनिटं. पाच वाजेची गोष्ट हाय, पाहा बरं. तिचं नेट गेलं त तुमची दोन ओळीची संत्री गेली."

खोटं तोही बोलत नव्हता. भगवंतराव दोन टेबलांच्या मधात उभे राहिले. टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"तुळशीराम, ते ओळ उडवली अन् बाकी काय काय लिहिलं हाय, ते मले दिसन का?"

"कागद निघाला की दिसनच नं."

"एकोणीस वर्षं कागद निघाल्यावरच, दुसऱ्यानं वाचलं त्याच्यावर सही करून राह्यलो." आणि भगवंतराव पुष्पाबाईच्या बाकड्यावर येऊन बसले, मांडी ठोकून. "लिहा बाई. अन् मोठ्यानं लिहा."

मोठ्यानं लिहिणं म्हणजे काय ते शेडाला त्या दिवशी समजलं. ती एक ओळ टाइप करायची, दोघं वाचायचे, ती मराठीत सांगायची, भगवंतराव 'हाव' म्हणायचे नाही तर 'नाही' म्हणायचे. 'नाही'च जास्त. जुन्या नमुन्यात लिहिलेलं असायचं की आवेदक अनेक वर्षांपासून शांततेनं कब्जात आहे. भगवंतराव म्हणाले, "शांततेनं कुठं? दर बहाराले भांडण होते. लिहा, भांडत भांडत कब्जात हाय."

"तसं लिहीत नाहीत, भगवंतराव."

"मंग शांततेनं बी लिहू नका. कब्जात हाय, एवढंच लिहा."

तिनं तेवढंच लिहिलं. ओळ आखूड झाली, पण खरी झाली.

तिसऱ्या ओळीवर आल्यावर ती म्हणाली, "इथं निस्तं 'कृषक है' लिहितो."

"नाही. सातवी पास लिहा."

"गरज नाही त्याची."

"उलटं लिहाची होती का गरज? आठ डाव उलटं लिहिलं, एक डाव सीधं लिहा."

आता हे लिहायचं म्हणजे 'कक्षा सातवीं उत्तीर्ण'. नव्या पाट्यांवर पुष्पाबाईचा जेवढा घात कोण्या शब्दानं केला नसेल तेवढा ह्या 'उत्तीर्ण'नं केला. एकदा 'उततीण' झालं. एकदा रफार 'ती'च्या डोक्यावर जाऊन बसला. तिसऱ्यांदा बोटं जुन्या घरी गेली आणि भलतंच काही उमटलं. शेडातले दोघं-तिघं उभे राहून पाहायला लागले. कोणी म्हणालं, "नापास झाले वाटते भगवंतराव."

"चूप रे," भगवंतराव म्हणाले. "बाईले करू दे."

पुष्पाबाईनं हात पाट्यांवरून उचलले, मांडीवर ठेवले. डोळे मिटून चुलीमागची भिंत पाहिली. 'त', पाय मोड, 'त', दुसरी वेलांटी. मग 'र' आधी, पाय मोड, 'ण'. हात वर घेतले आणि सावकाश, एकेक करून मारले.

उत्तीर्ण.

"झाले पास," ती म्हणाली. "चला पुढं."

पावणेतीनला नेट गेलं. वरच्या कोपऱ्यातली खूण पुसली गेली आणि तुळशीराम खुर्चीतूनच ओरडला, "गेलं का? सांगतलं होतं! झाला आरसा!" भगवंतरावांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर दिसली तिला.

अश्विनीनं पहिल्याच दिवशी एक खटका चालू करून दिला होता, नेट नसलं तरी लिहिता यावं म्हणून. आजवर त्याची खरी परीक्षा झाली नव्हती. पुष्पाबाईनं एक अक्षर मारलं. उमटलं. दुसरं मारलं. उमटलं. ती लिहीत राहिली. भगवंतरावच तुळशीरामला म्हणाले, "चालू हाय गा. तू आपलं पाहा."

चार वाजून दहा मिनिटांनी शेवटची ओळ झाली. मग तिनं सगळा अर्ज पहिल्यापासून मराठीत सांगितला. नाव-गावाची ओळ, तिसरी ओळ, 'अतः श्रीमान से निवेदन'वालीही, जिला कोणी कधी वाचून दाखवत नाही. भगवंतराव प्रत्येक ओळीला बोट लावत गेले. त्यांनी कागदागत काच चाचपली.

"हाव," ते म्हणाले. "हा माहा अर्ज."

आता कागद काढायचा. तिचं जुनं प्रिंटर नव्या मशीनला ओळखत नव्हतं, आणि नेट नाही तर अर्ज समोरच्या गुलाबभाऊच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवायचा कसा? पुष्पाबाई उठली. लॅपटॉप मिटला, ताटासारखा हातावर घेतला आणि शेडाबाहेर निघाली. मागून भगवंतराव, धोतराचा सोगा धरून. एकोणीस वर्षांत टेबल सोडून मशीन चालत निघालेलं शेडानं पहिल्यांदाच पाहिलं.

गुलाबभाऊच्या दुकानात वायरीचं नेट होतं. त्यानं पासवर्ड सांगितला, नमुन्यासारखा लांबलचक. ती म्हणाली, "हळू सांग, माही बोटं अजून नवीन हायत." दोन पानं निघाली. गरम होती. भगवंतरावांनी दुकानाच्या काचेवर कागद ठेवून सही केली, शेपटी कडेपर्यंत नेली आणि चालते झाले, त्या वयात जेवढं पळता येतं तेवढं पळत.

चार वाजून बेचाळीस मिनिटांनी ते परत आले. हातात शिक्क्याची प्रत. पुष्पाबाई टेबलावर बसली होती.

"पडला आत," ते म्हणाले आणि बाकड्यावर टेकले. श्वास खाली बसल्यावर विचारलं, "बाई, ते पैलेचे आठ अर्ज? त्याईचं काय?"

"ते दफ्तरात गेले, भगवंतराव. तिथं माहा हात पोचत नाही."

"म्हंजे तिथं मी अडाणीच राहीन?"

"तिथं राहान."

भगवंतरावांनी शिक्का एकदा वाचला. मग प्रत घडी करून टोपीत ठेवली. "शेजाऱ्याच्या मोजणीची तारीख पुढच्या मंगळवारी हाय. मी येईन. अन् तवा नमुना घेऊन बसू नका," एवढं बोलून ते बसकडं गेले.

ह्या भानगडीत पुष्पाबाईच्या बाकड्यावर तिघं जण येऊन बसले होते, कधी आले तिला समजलंही नव्हतं. अंगणवाडीची बाई त्यात होती. शेडाच्या तोंडाशी तुळशीराम गुलाबभाऊला हळूच विचारत होता, मॉनिटरची लांब वायर भेटन का म्हणून.

पुष्पाबाईनं साइटची चौकट बंद करून टाकली. चारशे बारा नमुने आता एकेक करून हातानं लिहायचे, ज्याचा माणूस समोर बसेल त्या दिवशी त्याचाच. वर्ष लागेल. लागू दे.

पहिल्या नंबरला एक म्हातारी होती, दुपारपासून बसलेली. रेशनच्या कार्डात सुनेचं नाव घालायचं होतं. पुष्पाबाईनं पडदा तिच्याकडं फिरवला.

म्हातारी काचेपासून मागं सरली. "मले नाही वाचता येत वो बाई. शाळाच नाही पाहिली."

पुष्पाबाईची बोटं पाट्यांवर थांबली. "तसं लिहू का मंग, आजी? शिकली नाही म्हणून?"

म्हातारीनं विचार केला. "कार्डासाठी लागते का ते?"

"नाही लागत."

"मंग कायले लिहिता?"

"बरोबर," पुष्पाबाई म्हणाली. "नाही लिहीत." पडदा तिनं तसाच म्हातारीकडं तोंड करून ठेवला. "पाहा निस्तं. मी बोलून बोलून लिहितो. गाव कोणतं तुमचं?"